मौनाचा पाव वाटा

रायबरेली जिल्ह्यातल्या ऊंचाहारच्या औष्णिक वीज केंद्रात १ नोव्हेंबर २०१७ रोजी दुपारी सहाव्या संचाच्या बॉयलरला साधारण वीस मीटर उंचीवर भगदाड पडले आणि तापलेला वायू, वाफ आणि राख बाहेर उसळली. चाळीसहून अधिक माणसे गेली. भाजलेल्यांपैकी अनेकांना शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या लखनौला, किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात आणि संजय गांधी पीजीआयमध्ये हलवावे लागले. ५०० मेगावॉटचा तो संच त्याच वर्षी सुरू झाला होता. जळलेल्या कोळशाची राख बॉयलरच्या तळाशी साचून घट्ट झाली होती, तिचे क्लिंकर खाली उतरत नव्हते, आणि संच पूर्ण बंद न करता कमी भारावर चालवत ती मोकळी करण्याचे काम सुरू होते. गेलेल्यांत कंत्राटी कामगारांचा भरणा मोठा होता. कुठल्याही मोठ्या संयंत्रात अशा वेळी कामाची एक साखळी उभी असते. कोणी राखेची पातळी पाहतो, कोणी नोंद करतो, कोणी भार कमी करायला सांगतो, कोणी ठेकेदाराला माणसे मागतो, कोणी ती पाठवतो, कोणी परमिटवर सही करतो, कोणी हातात सळई घेऊन प्रत्यक्ष तिथे उभा राहतो. प्रत्येकाचे काम सुटे करून तपासले तर ते बहुधा नियमात बसते. सगळे एकत्र केले की माणसे मरतात. मग ही कृती कोणाची, हा प्रश्न अभियंत्याचा आहे, न्यायाधीशाचा आहे, आणि त्याआधी तो धर्माचा आहे.

आजच्या कारखान्याने या प्रश्नाला आपल्यापुरते एक उत्तर शोधले आहे. जबाबदारी सगळ्यांची, असे तो म्हणतो, आणि ती सगळ्यांना समजावी म्हणून चर्चासत्र घेतो. लखनौच्या अमौसी किंवा चिनहट भागातल्या कारखान्यांत असो, की आपल्याकडच्या तारापूर, पाताळगंगा, लोटे-परशुराम, बुटीबोरीच्या वसाहतींत, पद्धत ओळखीची आहे. पाळी सुरू होताना टूलबॉक्स टॉक होतो, महिन्यातून एकदा सेफ्टी कमिटी बसते, ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाची शपथ हात पुढे करून घेतली जाते, आणि शेवटी रजिस्टर फिरते. त्यावर प्रत्येकाची सही किंवा अंगठा पडतो. या पद्धतीला मी निरर्थक मानत नाही. अशा बैठकीत वेळेवर उच्चारलेल्या एका वाक्याने जीव वाचू शकतात. पण ‘सगळ्यांची जबाबदारी’ या शब्दांत एक धोका आहे आणि तो नैतिक स्वरूपाचा आहे. ज्यांच्या हातात निर्णय नाही त्यांच्या सहीमुळे निर्णय घेणाऱ्यांचे ओझे हलके होत असेल, तर ती बैठक सुरक्षा वाढवत नाही, ती फक्त दोषाची जागा बदलते. माझे म्हणणे असे की सामूहिक जबाबदारी खरी आहे, मौनही तिच्यात मोजले गेले पाहिजे, पण मौनाचे वजन बोलण्याच्या सामर्थ्यावरून ठरते. म्हणून जबाबदारीवरच्या कोणत्याही चर्चेत पहिला हिशेब वरच्या माणसाने द्यायला हवा.

हा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. महाभारताच्या सभापर्वात द्रौपदी भर सभेत प्रश्न विचारते आणि मोठमोठे लोक गप्प बसतात, तेव्हा विदुर एक जुनी कथा सांगतो. प्रल्हादाचा मुलगा विरोचन आणि अंगिरसाचा मुलगा सुधन्वा यांच्यात श्रेष्ठ कोण यावरून पैज लागते, पणाला प्राण असतात, आणि निवाडा करायला दोघे प्रल्हादाकडेच येतात. बाप म्हणून प्रल्हाद अडचणीत सापडतो. माहीत असून जो उत्तर देत नाही किंवा खोटे देतो त्याची गती काय, असे तो कश्यपाला विचारतो. कश्यपाच्या उत्तरात पापाची वाटणी आहे. सभेत निंद्य गोष्टीची निंदा झाली नाही, तर त्या पापाचा अर्धा भाग सभेतल्या श्रेष्ठाकडे जातो, पाव भाग प्रत्यक्ष करणाऱ्याकडे, आणि उरलेला पाव गप्प बसलेल्या सभासदांकडे. प्रल्हाद मग स्वतःच्या मुलाविरुद्ध निर्णय देतो. या वाटणीतला क्रम नीट पाहावा. करणारा आणि गप्प बसणारे यांना समान वाटा आहे, आणि दोघांच्या बेरजेइतका एकट्या श्रेष्ठाला. आपल्या चौकशी समित्यांचा क्रम अनेकदा याच्या उलट असतो. आधी व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याचे नाव येते, मग पाळीच्या प्रमुखाचे, आणि संचालक मंडळापर्यंत पोचेपर्यंत भाषा ‘व्यवस्थेतील त्रुटी’ अशी निर्गुण होऊन जाते.

इथे पहिला आक्षेप येतो. कौरवसभेत चाललेला अन्याय उघड होता, दुर्योधनाला तो हवाच होता. बॉयलर चालू ठेवणाऱ्या अभियंत्याला कोणाचा जीव नको असतो. दुष्ट हेतूच्या गोष्टीतली वाटणी अपघाताला लावणे अन्यायाचे नाही का? आक्षेप रास्त आहे, पण आपल्याकडच्या विचारात हिंसेला दुष्ट हेतूची अट नाही. पतंजलीच्या योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात हिंसेचे तीन प्रकार सांगितले आहेत: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि अनुमोदिलेली. तिच्या मुळाशी लोभ, क्रोध किंवा मोह असतो असेही तिथेच म्हटले आहे. जैन आचारशास्त्रातही करणे, करवणे आणि अनुमोदन देणे हे तिन्ही त्याज्य मानले गेले. औद्योगिक अपघातांत क्रोध क्वचित असतो. लोभ असतो, पण तो बहुधा उत्पादनाच्या उद्दिष्टात मिसळून गेलेला असतो. सर्वांत जास्त असतो तो मोह, म्हणजे जे रोज चालते ते आजही चालेल ही खात्री. भोपाळमध्ये २ डिसेंबर १९८४ च्या रात्री साडेअकराच्या सुमारास कामगारांचे डोळे चुरचुरू लागले आणि गळतीची कल्पना वरिष्ठाला दिली गेली. मिथाइल आयसोसायनेटच्या छोट्या गळत्या तिथे सवयीच्या झाल्या होत्या. चहाच्या सुटीनंतर पाहू असे ठरले. चहा संपेपर्यंत ६१० क्रमांकाच्या टाकीतला दाब हाताबाहेर गेला होता. त्या टाकीत चाळीस टनांच्या आसपास द्रव होता, तो थंड ठेवणारी यंत्रणा जूनपासून बंद होती, आणि निसटलेला वायू जाळणारा मनोरा दुरुस्तीसाठी तोडून ठेवलेला होता. चहा पिणाऱ्यांपैकी कोणाचाही हेतू वाईट नव्हता, तरी त्या रात्रीच्या आधी कित्येक महिने त्या कारखान्यात अनुमोदन चालू होते. थंडावा बंद करण्याला, मनोरा तोडून ठेवण्याला, गळतीची सवय होण्याला. त्यातले बहुतेक अनुमोदन न बोलता दिलेले होते, आणि त्यातला मोठा भाग चहाच्या टेबलापासून फार दूर, खर्चकपातीच्या कागदांवर दिला गेला होता.

आता मौनाकडे येऊ. गप्प बसणाऱ्याला पाव वाटा द्यायचा, तर ऊंचाहारसारख्या ठिकाणी राखेजवळ उभ्या असलेल्या कंत्राटी मजुरालाही तो द्यायचा का? इथे मला कश्यपाच्या वाटणीला एक जोड द्यावीशी वाटते, आणि तिचा आधार त्याच सभेत आहे. त्या सभेतले सभासद राजे होते, आचार्य होते, कुलवृद्ध होते. त्यांना बोलता येत होते, आणि बोलून त्यांचे पोट मारले जाणार नव्हते. भीष्म म्हणाले की धर्माची गती सूक्ष्म आहे, या प्रश्नाचा नीट निर्णय मला करता येत नाही. ज्ञान असलेल्या माणसाने गुंतागुंतीचा आडोसा घेणे हा मौनाचाच एक प्रतिष्ठित प्रकार आहे, आणि तज्ज्ञांच्या बैठकींत तो आजही पुष्कळ आढळतो. बोलला तो विकर्ण, कौरवांपैकीच एक धाकटा भाऊ. त्याने स्पष्ट सांगितले की द्रौपदी पणाला लावली जाणे वैध नाही. त्यावर कर्णाने त्याला पोरवयाचा म्हणून गप्प केले. ठेकेदाराच्या माणसाची अवस्था विकर्णापेक्षा कितीतरी बिकट असते. त्याचा गेटपास उद्या रद्द होऊ शकतो. त्याला त्या यंत्राची पूर्ण माहिती कोणी दिलेली नसते. सूचना ज्या भाषेत लिहिलेल्या असतात ती त्याला अनेकदा वाचता येत नाही. भीतीतून किंवा अज्ञानातून आलेल्या मौनाला अनुमोदन म्हणता येणार नाही, कारण नाही म्हणण्याची वाट उघडी असेल तरच गप्प राहण्याला संमतीचा अर्थ येतो. त्याच्या नावावर टाकलेला पाव वाटा म्हणून पुढे सरकतो, आणि ज्याने ती वाट बंद ठेवली त्याच्या अर्ध्यात जाऊन पडतो. बैठकीत कोणी काही बोलले नाही म्हणजे सगळ्यांना पटले, असे मानणारा व्यवस्थापक इथे दुहेरी दोषी ठरतो.

हे नुसते धर्मचिंतन आहे असे वाटू नये. भारतीय कायदाही अडखळत का होईना, याच दिशेने आला आहे. दिल्लीतल्या श्रीराम फूड्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यातून ४ डिसेंबर १९८५ रोजी ओलियमची गळती झाली. भोपाळला जेमतेम एक वर्ष झाले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ च्या फेब्रुवारीत कारखाना पुन्हा सुरू करायला परवानगी देताना घातलेल्या अटी आजही वाचण्यासारख्या आहेत. मालक कंपनीच्या अध्यक्षांनी आणि व्यवस्थापकीय संचालकांनी, तसेच प्रत्यक्ष संयंत्र सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांनी, क्लोरीन निसटून कोणाला इजा झाली तर आपण व्यक्तिशः भरपाईला जबाबदार राहू असे हमीपत्र द्यायचे होते. कामगार संघटनांच्या प्रतिनिधींची समिती सुरक्षेवर लक्ष ठेवणार होती. क्लोरीनचे परिणाम सांगणारे फलक इंग्रजीबरोबर हिंदीतही लावायचे होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यायमूर्ती भगवतींच्या घटनापीठाने संपूर्ण उत्तरदायित्वाचे तत्त्व सांगितले: धोकादायक उद्योग चालवणाऱ्याला निष्काळजीपणा नव्हता हा बचाव मिळणार नाही, आणि उद्योग जितका मोठा तितकी भरपाई मोठी. पुढे १९९६ मध्ये जे. के. इंडस्ट्रीजच्या खटल्यात न्यायालयाने ठरवले की कंपनीच्या कारखान्याचा भोगवटादार, म्हणजे कायद्याला अंतिम उत्तर देणारा माणूस, हा संचालकांपैकीच एक असला पाहिजे. एखाद्या पगारी व्यवस्थापकाचे नाव पुढे करून मंडळाला मोकळे होता येणार नाही. श्रेष्ठाचा अर्धा वाटा म्हणतात तो हाच. न्यायालयाने कश्यपाचा हवाला दिला नाही, तशी गरजही नव्हती. सामर्थ्य आणि दायित्व यांची सांगड दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी घातली.

याला दुसरा आक्षेप असा की वरच्या माणसाला संयंत्रातले बारकावे कळत नाहीत, कळणे शक्यही नाही. हजारो व्हॉल्व्ह, शेकडो इंटरलॉक, दर तासाला बदलणारे आकडे. लखनौ, मुंबई किंवा दिल्लीच्या कार्यालयात बसलेल्याला त्यासाठी दोषी धरणे म्हणजे बळीचा बकरा शोधणे. या आक्षेपातला सत्याचा अंश मला मान्य आहे, आणि गीतेच्या अठराव्या अध्यायातली पाच कारणांची मांडणी इथे उपयोगी पडते. कोणत्याही कर्माला अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, निरनिराळ्या क्रिया आणि पाचवे दैव अशी पाच कारणे असतात, आणि असे असताना जो केवळ एकालाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असे तिथे सांगितले आहे. परंपरेने हे वचन अहंकार गळण्यासाठी वाचले. ते चौकशीसाठीही वाचता येते. ऑपरेटरची चूक एवढेच लिहून अहवाल संपवणारा चौकशी अधिकारी पाचांपैकी एकच कारण पाहतो. अधिष्ठान म्हणजे संयंत्राची रचना आणि त्याची जागा, साधने म्हणजे उपकरणे आणि त्यांची देखभाल, क्रिया म्हणजे कामाच्या ठरलेल्या पद्धती. ही तिन्ही कोणाच्या हातात असतात? रचना मंजूर करणे, देखभालीला पैसा देणे किंवा तो कापणे, कामाला किती माणसे आणि किती वेळ मिळेल हे ठरवणे, ही सारी वरच्या माणसाची कामे आहेत. त्याला प्रत्येक व्हॉल्व्ह माहीत असण्याची गरज नाही. आपण कोणती माहिती मागतो आणि कोणती मागत नाही, हे मात्र त्याच्या हातात असते. अमेरिकेतल्या टेक्सास सिटी इथल्या बीपीच्या शुद्धीकरण कारखान्यात २३ मार्च २००५ रोजी स्फोट होऊन १५ जण गेले, तेही ठेकेदारांची माणसे. नंतरच्या बेकर समितीने दाखवले की कंपनी पडझड, खरचटणे अशा वैयक्तिक इजांचा दर पाहून समाधानी राहत होती आणि संयंत्राच्या आतल्या धोक्याबाबत तो दर काहीच सांगत नव्हता. हेल्मेट आणि बूट मोजणारी बैठक राखेच्या पातळीबद्दल आंधळी राहू शकते. वरच्याने विचारलेलाच प्रश्न खाली मोजला जातो, म्हणून न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरदायित्वही त्याचेच.

गीतेच्या त्या यादीतले पाचवे कारण दैव आहे, आणि धार्मिक मनाचा आक्षेप नेमका तिथून येतो. मृत्यूची वेळ ठरलेली असते, भोग कोणाला चुकत नाहीत, मग चर्चासत्रांनी काय होणार? उत्तर प्रदेशातल्या कारखान्यांत सप्टेंबरात विश्वकर्म्याची पूजा होते, आपल्याकडे खंडेनवमीला यंत्रांना झेंडूचे हार पडतात. यंत्राच्या सामर्थ्यापुढे माणसाने नम्र व्हावे ही त्यामागची भावना मला मोलाची वाटते. परंतु नम्रता आणि दैववाद यांत अंतर आहे. गीतेने दैव पाचव्या क्रमांकावर ठेवले, आणि मी त्या क्रमाला अर्थ देतो: आधीच्या चारांचा हिशेब पूर्ण केल्याशिवाय पाचव्याचे नाव घेण्याचा अधिकार नाही. राख साचलेली असताना संच चालू ठेवायचा की बंद करायचा हा निर्णय पहिल्या चारांतला आहे. त्याच्या परिणामाला दैव म्हणणे म्हणजे देवावर खोटा आळ घेणे होय. श्रीराम प्रकरणातही ही ओढाताण दिसते. हमीपत्राची अट कडक वाटल्यावर न्यायालयाने काही आठवड्यांनी ती सौम्य केली आणि अध्यक्षांना दैवी आपत्ती व घातपात वगळण्याची मुभा दिली. डिसेंबरच्या निकालात मात्र उद्योगाच्या दायित्वाला असा एकही अपवाद ठेवला नाही. विष साठवणाऱ्याने, दाब कोंडणाऱ्याने, दैव आडवे आले असे म्हणू नये, कारण दैवाला हातात धोंडा त्यानेच दिलेला असतो.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो सुरक्षाशास्त्र जाणणाऱ्यांकडून येतो. दोषाची भाषा आली की माणसे लपवू लागतात. थोडक्यात टळलेल्या अपघाताची नोंद कोणी करणार नाही, बायपास केलेला इंटरलॉक कोणी दाखवणार नाही. म्हणून चर्चेत दोष नको, फक्त शिकणे हवे. कश्यपाच्या उत्तराचा पुढचा भाग तर या भीतीला दुजोरा देतो असे वाटेल. निंद्याची निंदा झाली तर श्रेष्ठ निर्दोष होतो, सभासद सुटतात आणि पाप एकट्या करणाऱ्याकडे जाते, असे तो म्हणतो. अपघातानंतर एका ऑपरेटरला निलंबित करून सुटणाऱ्या व्यवस्थापनाला हे वचन किती सोयीचे! पण कथेतला प्रसंग पाहिला तर अर्थ बदलतो. विदुर हे सांगतो तेव्हा द्रौपदीची विटंबना चालू आहे, ती थांबवता येण्यासारखी आहे. निंदा म्हणजे कृत्य घडत असताना सभेने त्याला नाही म्हणणे. सगळे उरकल्यावर काढलेल्या पत्रकाला ते पुण्य लागत नाही. शिवाय करणारा कोण, हेही पाहावे. त्या सभेत द्रौपदीला ओढत आणणारा दुःशासन होता, पण विदुराचा रोख त्याच्यापुरता नव्हता. संयंत्रात सळई धरणारा हात हा कर्ता नसतो. धोका माहीत असताना पुढे चला म्हणणारा तो कर्ता. म्हणून माझे उत्तर असे की शिक्षा आणि निंदा वेगळ्या ठेवता येतात, आणि चर्चासत्रात त्या वेगळ्याच ठेवल्या पाहिजेत. चूक सांगणाऱ्याला शिक्षेचे भय नको. पण ‘हे काम आत्ता असे करणे चुकीचे आहे’ हे वाक्य बैठकीत उच्चारता यायला हवे, आणि ते ज्याच्या निर्णयाबद्दल आहे त्याच्या तोंडावर उच्चारता यायला हवे. दोषाचे नावच काढायचे नाही असे ठरवले, तर खालचे निर्भय होतील हे खरे, पण वरचेही निश्चिंत होतील. निर्भयता खालच्यांना द्यावी आणि उत्तरदायित्व वरच्यांनी घ्यावे. दोघांना एकच माप लावणे समतेचे दिसते, परंतु असमान सत्तेच्या ठिकाणी ते अन्यायाचे असते.

मराठी वाचकाला या संदर्भात १८८४ ची मुंबई आठवावी. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्या सप्टेंबरात गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारी चौकशीपुढे ठेवले. त्यात आठवड्याची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार होते, आणि त्यांच्याबरोबर एक मागणी अशी की कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि कायमचा अधू झाल्यास त्याच्या चरितार्थाची सोय व्हावी. कारखान्यातल्या जबाबदारीवरची आपल्याकडची एक फार मोठी सामूहिक चर्चा ही अशी, मालकाच्या बोलावण्याशिवाय झालेली. तिथेही सह्या होत्या. मात्र त्या सह्यांनी दायित्व खालून वर पोचवले. टूलबॉक्स टॉकच्या रजिस्टरावरची सही ते वरून खाली आणते. सत्यशोधक परंपरेत वाढलेल्या लोखंड्यांना हे कळत होते की सभा कोण भरवतो आणि तिच्यात पहिला प्रश्न कोण विचारतो यावर त्या सभेचा धर्म ठरतो. सुरक्षा समितीला नैतिक बळ हवे असेल तर ते या बाजूने यावे लागेल, असे मला वाटते.

कायद्याने तशी जागा करूनही ठेवली आहे. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात जे नवे प्रकरण आले, त्यात धोकादायक प्रक्रियांच्या यादीत वीजनिर्मितीही होती. कलम ४१ ग नुसार सुरक्षा समितीत कामगारांचे आणि व्यवस्थापनाचे प्रतिनिधी समसमान असणे आवश्यक होते. कलम ४१ ह आणखी पुढे जात होते. जिवाला तातडीचा धोका आहे अशी रास्त शंका कामगाराला आली, तर तो ती व्यवस्थापनाला आणि त्याच वेळी कारखाना निरीक्षकाला कळवू शकत होता. व्यवस्थापनाला शंका पटली तर ताबडतोब उपाय करायचा आणि निरीक्षकाला अहवाल द्यायचा, पटली नाही तर प्रकरण निरीक्षकाकडे न्यायचे, आणि निर्णय निरीक्षकाचा. विकर्णाला जे मिळाले नाही ते हेच होते: सभेबाहेरचा एक कान, ज्याला कर्ण गप्प करू शकत नाही. अधिनियमातली ‘कामगार’ ही व्याख्या ठेकेदारामार्फत आलेल्यालाही सामावून घेत होती, म्हणजे हा हक्क राखेजवळच्या मजुराचाही होता. त्या अधिनियमाच्या जागी नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही समिती आणि धोक्याची सूचना देण्याचा हक्क कायम आहेत. तेव्हा अमौसीत किंवा ऊंचाहारला, तारापूरला किंवा डोंबिवलीत, जबाबदारीवरचे सत्र घेणाऱ्याने सुरुवात उलट्या टोकाने करावी. भोगवटादार म्हणून ज्या संचालकाचे नाव कागदावर आहे त्याने, किंवा त्याच्या लेखी अधिकाराने बोलणाऱ्याने, आधी सांगावे की गेल्या महिन्यात कोणती दुरुस्ती पुढे ढकलली, कोणता इंटरलॉक किती दिवस बायपास आहे, कोणत्या कारणासाठी, आणि ते कोणी मंजूर केले. मग पाळीच्या प्रमुखाने सांगावे की काम थांबवण्याची वेळ कोणत्या आकड्यावर येते. ठेकेदाराच्या माणसांना शेवटी, त्यांच्या बोलीत, ठेकेदार समोर नसताना विचारावे की आज काय वेगळे दिसते आहे. त्यांनी सांगितलेले त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. रजिस्टरावर त्यांचा अंगठा घेण्याआधी त्या नोंदीखाली संचालकाची सही व्हावी, आणि तिची एक प्रत निरीक्षकाकडे जावी.